'नका' कुठे गेला?



रेडिओवर बोलणाऱ्या माणसाकडे जाड अक्षर नसतं, लाल शाई नसते, शब्दाखाली ओढायला रेघही नसते. त्याच्याकडे असतो तो फक्त आवाज. 'आज येऊ नका' असं मी म्हणतो, तेव्हा 'नका'वर किती जोर द्यायचा ते माझा गळा ठरवतो आणि तुम्हाला ते घरबसल्या कळतं. हेच तीन शब्द भिंतीवर, पडद्यावर लिहून दाखवायचे झाले की गळ्याचं काम अक्षराला करावं लागतं. ते काम अक्षराकडून नीट होतं का, एवढाच आज आपल्या बोलण्याचा विषय आहे.

सभा-बैठकांत, शाळेत, प्रशिक्षणात पडद्यावर ज्या 'स्लाइड' दाखवतात, त्या आता खेड्यापाड्यांतही पोहोचल्या आहेत. मी वडनेरचा. हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं हे गाव. बी.ए.पर्यंत शिकलो आणि मराठीत कविता लिहितो. गावात एवढी ओळख पुरेशी होते. कुणाला लग्नपत्रिकेचा मजकूर हवा असतो, कुणाला ग्रामपंचायतीत द्यायचा अर्ज. आणि अलीकडे स्लाइड. ''चाचा, मराठी तेवढं पाहून द्या,'' म्हणत पोरं लॅपटॉप घेऊन ओट्यावर येऊन बसतात.

असाच एक तरुण आला होता. शेतकऱ्यांच्या बैठकांत माहिती सांगायचं काम करतो. कपाशीवर फवारणी करताना घ्यायची काळजी, असा विषय, बारा-चौदा स्लाइड. शुद्धलेखन बरं होतं. पण एका स्लाइडवर माझी नजर अडली. वर लाल रंगात मथळा. खाली सात ओळी, सातही जाड. त्यांतल्या दोन तिरप्या केलेल्या, दोनांखाली रेघा. मधली एक ओळ लांब होती, म्हणून ती चौकटीच्या काठाशी येऊन मोडली होती. वर राहिलं होतं, 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू'. आणि खालच्या ओळीत, डावीकडे, एकटाच बसला होता 'नका'. भरीस भर म्हणून पोरानं 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी' एवढ्या शब्दांना पिवळा रंग फासला होता. का, तर मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून.

मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, अंगणाच्या पार टोकाला गेलो आणि तिथून वाचलं. पिवळं तेवढं दिसलं.

''बाबू, तू तं उलटंच सांगून राहिला,'' मी म्हणालो.

''नाही चाचा, खाली 'नका' आहे ना.''

''आहे. पण तिथपर्यंत पोहोचते कोण?''

पोरगा हुशार. तो गप्प बसला, मग स्वतःच अंगणाच्या टोकाला जाऊन पाहून आला.

श्रोतेहो, यात त्या पोराचा दोष फार कमी आहे. इंग्रजीत मनाई वाक्याच्या सुरुवातीला येते. 'डू नॉट' हे शब्द आधी, मग काय करायचं नाही ते. शिवाय इंग्रजीला मोठी लिपी आहे. 'डू नॉट' मोठ्या लिपीत लिहिलं की काम झालं. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. 'करू नका', 'जाऊ नये', 'चालणार नाही'. वाक्य संपेस्तोवर ते हो आहे की नाही, हे कळत नाही. बोलताना याची अडचण येत नाही, कारण ऐकणारा वाक्य संपायची वाट पाहतो. पडद्याकडे पाहणारा वाट पाहत नाही. तो ठळक दिसेल ते उचलतो आणि शेजाऱ्याशी बोलू लागतो. म्हणून इंग्रजी स्लाइडची सवय मराठी वाक्याला जशीच्या तशी लावली की वाक्याचं डोकं जाड होतं आणि जीव ज्या शेपटात आहे ते बारीक राहतं.

ही गोष्ट मी एवढी ताणतो याचं कारण आहे. २०१७च्या खरिपात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर उडायचा आणि अंगावर यायचा. कारणं बरीच होती: औषधांची मिश्रणं, उघडं अंग, उष्मा, अपुरी माहिती. त्यानंतर माहिती सांगणाऱ्या सभा वाढल्या, पत्रकं वाढली, स्लाइडही वाढल्या. अशा स्लाइडवर 'नका' कुठे बसला आहे, हा प्रश्न मग शुद्धलेखनाचा उरत नाही.

स्लाइडवरच्या अक्षराचा प्रश्न किती दूर जाऊ शकतो, याचं उदाहरण साऱ्या जगाला माहीत आहे, फक्त आपण ते त्या नजरेनं पाहत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतताना आकाशात फुटलं. कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. १६ जानेवारीला यान उडालं, तेव्हा सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरच्या फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. यान वर फिरत असतानाच अभियंत्यांनी त्या आघाताचा अभ्यास केला आणि तो अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडला. एडवर्ड टफ्टी या माहितीच्या मांडणीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन प्राध्यापकांनी पुढे त्यातली एक स्लाइड उलगडून दाखवली. वर मोठ्या अक्षरांत मथळा होता, आणि तो वाचून धीर यावा असा होता. खाली ठिपके, त्याखाली लहान ठिपके, त्याखाली आणखी लहान. अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की चाचणीत वापरलेला तुकडा होता ३ घन इंचांचा आणि आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. याचा अर्थ, ज्या चाचण्यांच्या भरवशावर धीर दिला जात होता, त्या चाचण्या या आघाताला लागूच पडत नव्हत्या. ऑगस्ट २००३मध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालानं या स्लाइडची दखल घेतली. अशी स्लाइड पाहून वरिष्ठांना प्रकरण जिवावरचं आहे हे उमगलं नसेल तर नवल नाही, असा त्या अहवालाचा सूर आहे.

यान एका स्लाइडमुळे पडलं, असं कुणी म्हणत नाही. पण सर्वांत महत्त्वाचा आकडा सर्वांत बारीक अक्षरात होता, एवढं मात्र खरं. वडनेरच्या त्या स्लाइडवर सर्वांत महत्त्वाचा शब्द सर्वांत खाली एकटा बसला होता. दोहोंची जात एकच.

आता आपल्या लिपीकडे वळू. स्लाइड बनवण्याचा 'पॉवरपॉइंट' हा प्रोग्राम १९८७ साली बाजारात आला, आणि तो आला रोमन लिपीसाठी. जोर देण्याची त्याची हत्यारं तिथलीच: जाड अक्षर, तिरपं अक्षर, अधोरेखा आणि मोठी लिपी. त्यांतलं कुठलं हत्यार देवनागरीच्या हाताला बसतं, ते एकेक करून पाहू.

मोठी लिपी आपल्याकडे नाही. 'क' लहान नसतो, 'क' मोठाही नसतो. तो विषय तिथेच संपला.

तिरपं अक्षर. रोमनमध्ये तिरप्या अक्षराची स्वतंत्र घडण आहे, तिला इटलीतल्या हस्ताक्षराची परंपरा आहे. देवनागरीत तशी परंपरा नाही. संगणक सरळ अक्षराला ढकलून वाकवतो. मग काना कलतो, वेलांटी कलते, वरची रेघ मात्र आडवीच राहते, आणि शब्द कुणी धक्का दिल्यासारखा दिसतो. लांबून वाचायला तो अवघडच जातो.

अधोरेखा. रोमन अक्षरांखाली बहुतेक जागा मोकळी असते. आपल्या अक्षरांखाली उकार असतात, ऋकार असतात, पाय मोडलेली अक्षरं असतात. 'हात धुवा' याखाली रेघ ओढा. ती 'धु'च्या उकारातून आरपार जाते. ज्या शब्दाकडे लक्ष वेधायचं, त्याचाच पाय कापायचा, असा हा प्रकार.

राहिलं जाड अक्षर. ते आपल्याला चालतं; छापखान्यांतही मथळ्यांना जाड टाइप असायचाच. पण त्यालाही पथ्य आहे. देवनागरी अक्षराच्या पोटात बारीक मोकळ्या जागा असतात. फार जाड केलं की त्या बुजतात आणि अक्षरं एकमेकांची सोंगं घेतात. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांच्यातला फरक एका बारीक गाठीचा किंवा रेघेचा. मागच्या रांगेतल्या, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला 'पंप भरा' हे 'पंप मरा' दिसू शकतं. हसू येतं, पण बैठक फवारणीची असेल तर हसू टिकत नाही. काही फॉन्टांना तर जाड घडणच नसते. मग संगणक बारीक अक्षरालाच फुगवतो आणि ते अधिकच बुजतं. म्हणून जाड करायचं तर ज्याची जाड घडण मुळात वेगळी काढली आहे, असा फॉन्ट घ्यावा. शब्दातलं एकच अक्षर जाड करू नये. वरची रेघ मधेच जाड, मधेच बारीक होते. आणि दोन ओळींत अंतर सढळ ठेवावं. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार वर चढतात. रोमनच्या मापानं आखलेल्या चौकटीत त्यांची टक्कर होते.

मग आपले लोक पूर्वी काय करत? जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहा. त्यांत शब्दही सुटे नसत, ओळ अखंड चाले. पण कोण बोलतं आहे ते, दंड, अध्यायाची समाप्ती, अशा ठिकाणी लाल रंग यायचा. बाकी सारं पान काळं, म्हणून ते लाल दिसायचं. उर्दूची रीत आणखी वेगळी. लहानपणी घरात उर्दू पुस्तकं पाहिली, तेव्हापासून ती माझ्या मनात आहे. उर्दू गझलेत शायराचं टोपणनाव, म्हणजे तखल्लुस, आलं की त्या शब्दाच्या डोक्यावर एक छोटी बाकदार खूण करतात. टोपणनावं बहुधा साधेच शब्द असतात. कुणाचं 'दर्द', कुणाचं 'दाग'. खूण नसेल तर वाचणारा त्याला दुखणं समजेल किंवा डाग समजेल. ती खूण सांगते की हे नाव आहे. संपूर्ण गझलेत ती बहुधा एकदाच येते, आणि नेमकी जिथे चुकायची शक्यता आहे तिथेच येते. जोर कुठे द्यावा याचा याहून नेटका नियम मला ठाऊक नाही. जिथे वाचणारा चुकेल, तिथे खूण करा.

या संदर्भात आमच्या वर्धा जिल्ह्याचा एक जुना वाद आठवतो. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. काका कालेलकर तेव्हा वर्ध्यात होते आणि नागरी लिपीच्या सुधारणेचा त्यांनी ध्यास घेतला होता. 'इ'ऐवजी 'अि', 'उ'ऐवजी 'अु' असं लिहावं, म्हणजे टाइप कमी लागतील, यंत्र सोपं होईल, हा विचार. सावरकरांनीही 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला होता. पवनारला विनोबांनी लोकनागरीचा विचार मांडला. ही सारी मोठी माणसं. त्यांची तळमळ खरी होती, कारण देवनागरीच्या जुळणीला शेकड्यांनी खिळे लागत आणि यंत्र आपल्या लिपीला दाद देत नव्हतं. पुढे संगणक आला आणि ती अडचणच उरली नाही. युनिकोडमध्ये १९९१ सालापासून देवनागरी आहे. र. कृ. जोशी या आपल्या मराठी अक्षरकारानं 'मंगल' हा फॉन्ट घडवला आणि तो विंडोजबरोबर घराघरांत गेला. जोशी २००८ साली गेले. जे टाइपराइटरला जमलं नाही, ते संगणकाला जमलं. 'इ' 'इ'च राहिली. लिपी यंत्रापुढे वाकली नाही, यंत्रच लिपीपुढे वाकलं. असं असताना आपण आपल्या हातानं तिला तिरपी करावी, तिचे उकार कापावेत, याचं मला वाईट वाटतं.

तर त्या ओट्यावर आम्ही स्लाइड पुन्हा मांडायला बसलो. सात ओळींची एक स्लाइड मोडून तीन केल्या. तिरपेपणा काढला, रेघा काढल्या, पिवळा रंग पुसला. मग वाक्यं हातात घेतली. मराठीनं जोर देण्याची सोय व्याकरणातच करून ठेवली आहे. 'हातमोजे घालून औषध कालवा' आणि 'हातमोजे घालूनच औषध कालवा'. त्या एका 'च'मध्ये जेवढं बळ आहे, तेवढं कुठल्याच रंगात नाही. जिथे काय करायचं ते सांगता येतं, तिथे मनाई कशाला? 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नका' याचं आम्ही केलं, 'वारा पाठीशी ठेवूनच फवारा'. मोडायला 'नका'च उरला नाही. जिथे मनाईच करायची होती, तिथे नकार उचलून पुढे आणला: 'नको! तोंडानं नोझल फुंकणं.' त्यातला पहिला शब्द तेवढा जाड. आणि कुठे 'नका' शेवटी ठेवावाच लागला, तिथे ओळ आम्हीच अशी तोडली की क्रियापद आणि 'नका' हात धरूनच खाली उतरावेत.

शेवटी एक शब्द उरला, आणि तो मला सर्वांत जड गेला. त्या स्लाइडभर 'औषध' हा शब्द होता. आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. 'औषध आणलं', 'औषध मारलं'. औषध म्हणजे बरं करणारी वस्तू. डॉक्टर देतो तेही औषध आणि पंपात भरतो तेही औषध.

मी पोराला म्हटलं, ''घरातला एखादा डबा आण, त्यावर काय लिहिलंय ते पाहू.''

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. १९७१च्या कीटकनाशक नियमांनी तो ठरवून दिला आहे. खालच्या अर्ध्या भागात रंग: लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून कमी. वरच्या अर्ध्या भागात इशाऱ्याचा शब्द. लाल गटात कवटी आणि तांबड्या अक्षरांत 'विष'. पिवळ्या गटात कवटी नाही, पण 'विष' तसंच तांबडं. हिरवा रंग पाहून कुणी निर्धास्त होतं. पण हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही, फक्त चार गटांतला तो खालचा गट. आतल्या घडीपत्रकात बारीक अक्षरांची दाटी असते, तिच्यातून वाट काढणं भल्याभल्यांना जमत नाही. पण हा चौकोन निरक्षर माणसालाही शिकवता येतो. एक आकार, एक रंग, एक शब्द. स्लाइड कशी असावी, याचा धडा त्या डब्यावरच छापलेला आहे.

पोरानं डबा आणला. चौकोन पिवळा होता. वर छापलेला शब्द त्यानं वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही पहिल्या स्लाइडवर फक्त तो चौकोन ठेवला, मोठा करून. खाली लिहिलं, 'आपण याला औषध म्हणतो. डब्यावर लिहिलं आहे विष.' त्यातला शेवटचा शब्द जाड केला. सगळ्या चौदा स्लाइडमध्ये याहून ठळक काही ठेवलं नाही.

शिक्षकांना, बचत गटाच्या ताईंना, गावोगाव माहिती सांगणाऱ्या तरुणांना माझं एवढंच सांगणं आहे. स्लाइड झाली की सभेआधी ती पडद्यावर लावा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा. शक्य तर ज्याला विषय ठाऊक नाही, अशा कुणाला शेजारी बसवा. त्याला वाचू द्या आणि विचारा, ''आता तू काय करशील?'' त्यानं 'नका' वाचला नसेल, तर तो दुसऱ्यांदा वाचायला लावू नका. वाक्य बदला. आमच्या मजूर बायका दिवसभर वावरात राबून संध्याकाळी बैठकीला येतात. मागे भिंतीला टेकून बसतात, डोळ्यांवर झोप असते. स्लाइड त्यांच्यासाठी आहे. त्यांना जे दिसेल, तेच तुम्ही सांगितलं असं धरायचं.